४०० वॉटच्या स्टेशनसाठी ऑटो ट्यूनर कोणता घ्यावा?

मळ्यातला हॅम (धागाकर्ता)

राम राम मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मखमलाबादच्या पुढे मळ्यात घर आहे. हॅम (हौशी बिनतारी) रेडिओचं जनरल ग्रेडचं लायसन्स, १०० वॉटचा रेडिओ आणि आता एक सेकंडहँड सॉलिड स्टेट ॲम्प (रेडिओची पॉवर वाढवणारा) हाती आलाय. तो ६०० वॉटपर्यंत जातो, पण एचएफवर (शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांवर) आपली मर्यादा ४०० ची, म्हणून तिथेच ठेवणार. अडचण अशी की एसडब्ल्यूआर (अँटेना ॲम्पशी किती बेमेल आहे त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) २ च्या वर गेला की ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जातो आणि लाल दिवा लावून बसतो. हा बेमेल सांभाळणारा ट्यूनर रेडिओच्या आत आहे, पण तो ॲम्पच्या अलीकडे, त्यामुळे तो इथे काही कामाचा नाही.

अँटेना सध्या एकच. ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (टोकं खाली उतरलेला डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तार), मधला पाइप १२ मीटरचा, तिथून शॅकपर्यंत (रेडिओच्या खोलीपर्यंत) ३५ मीटर आरजी-२१३ कोॲक्स केबल. याच तारेवर ८०, २० आणि १५ मीटर बँडसुद्धा करायचे आहेत.

भाचा दिवाळीला अमेरिकेहून येतोय. बॅगेत एक डबा बसेल म्हणालाय. माझी यादी अशी: पालस्टार एचएफ-ऑटो, एलडीजी एटी-१००० प्रो-टू, एलेक्राफ्ट केएटी५००, किंवा मिळाला तर वापरलेला एमएफजे-९९८. मला वाटतं एकदाच काय ते १५०० वॉटचं घेऊन टाकावं, पुन्हा बघायला नको. तुमचं काय मत?

ओझरकर

स्वागत. ट्यूनर कोणता ते नंतर ठरवू. आधी एक काम करा. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर शॅकमधल्या टोकाला लावून चारही बँडवरचा एसडब्ल्यूआर इथे टाका. नसेल तर कुणाकडून तरी आणा. ४०० वॉटचा ॲम्प घेणाऱ्याकडे ते नसणं म्हणजे कमाल आहे.

गच्चीवरून

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत ५० वॉटवरच सेक्रेटरी वर येऊन बघून जातात, त्यामुळे हा धागा माझ्यासाठी निव्वळ स्वप्नरंजन. तरी वाचतेय.

देवळालीचे काका

ऑटो ट्यूनर म्हणजे आळशी माणसाचं खेळणं, असं आमच्या वेळी म्हणायचे. दोन मोठे एअर व्हेरिएबल, एक रोलर इंडक्टर, आणि बँड बदलला की हात फिरवायचा. प्रत्येक बँडच्या खुणा कागदावर लिहून ठेवल्या की दहा सेकंदांत काम होतं. फौजेच्या सिग्नल्समध्ये असताना आम्ही पावसात, अंधारात, टॉर्च दातात धरून ट्यूनिंग केलंय.

तरीही तुला ऑटोच हवा असेल तर तुझी यादी बघून एकच सांगतो. पालस्टारमध्ये आत हेच आहे, फक्त हाताच्या जागी मोटर. बाकीच्यांत रिले आहेत.

मळ्यातला हॅम

काका, दंडवत. पण माझा बँड दर अर्ध्या तासाला बदलतो आणि सकाळच्या नेटच्या (रेडिओवरच्या ठरलेल्या गप्पांच्या) वेळी एका हातात चहा असतो.

ओझरकर, रीडिंग घेतली, सगळी शॅकमधून:
७.१ मेगाहर्ट्झ (४० मीटर): १.४
२१.२ (१५ मीटर): २.६
१४.२ (२० मीटर): ९
३.६ (८० मीटर): २० च्या वर, नक्की आकडा स्थिर राहत नाही

८० मीटरचं जाऊ द्या, तिथे तार निम्मीच आहे. पण २० मीटरवर ९ म्हणजे १० च्या आत. केएटी५०० वाले १०:१ पर्यंत मॅच होतं असं लिहितात. मग २० मीटर सुटला ना?

ओझरकर

नाही सुटला. आता जरा हिशोब करू, कारण ट्यूनरवरचा निम्मा पैसा याच आकड्यावर वाया जातो.

शॅकमधे दिसणारा ९ हा अँटेनाचा एसडब्ल्यूआर नव्हे. कोॲक्समधून लाट वर जाताना थोडी खर्ची पडते, परत येताना पुन्हा थोडी. त्यामुळे परतलेली पॉवर खाली कमी मोजली जाते आणि आकडा गोंडस दिसतो. ३५ मीटर आरजी-२१३ चा मॅच्ड लॉस (सगळं जुळलेलं असतानाची घट) १४ मेगाहर्ट्झला साधारण ०.८ डीबी धरा. ४० मीटरचा डायपोल २० मीटरवर पूर्ण वेव्हलेंथचा होतो, मधोमध फीड केला की इम्पिडन्स हजारो ओमच्या घरात. अँटेनापाशी ६० चा एसडब्ल्यूआर धरला तर खाली बरोबर ९ च्या आसपास दिसतो. तुमचं रीडिंग तेच सांगतंय.

आता लाइनवर ६० चा एसडब्ल्यूआर असताना ०.८ डीबीची केबल एकूण किती खाते? सुमारे ८.२ डीबी. म्हणजे ट्यूनर खाली छान १.१ दाखवेल, ॲम्प खूश होईल, मीटरवर ४०० वॉट दिसतील आणि अँटेनाला मिळतील ६०.

१०० वरून ४०० वॉट म्हणजे ६ डीबी, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिट. ॲम्पवर पैसे घालून जो एक एस-युनिट कमावला तो केबलमध्ये गेला, वर आणखी २ डीबी पदरचे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (आणि सोमेश्वर तर तुमच्या शेजारीच, नदी ओलांडली की आलं.)

ट्यूनर कुठलाही घ्या, १५०० चा घ्या नाहीतर ५००० चा, हे ८ डीबी परत येणार नाहीत. तो ॲम्पला ५० ओम दाखवतो, एवढंच त्याचं काम. त्याच्यापुढच्या केबलमध्ये काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

गच्चीवरून

हे ६० वॉट वाचून माझ्या ५० वॉटबद्दलचा न्यूनगंड गेला. धन्यवाद.

रिलेराजा

ओझरकरांना +१. आता माझ्या पोटापाण्याचा विषय आलाय म्हणून बोलतो. अंबडला स्विचगिअरमध्ये काम करतो, दिवसभर कॉन्टॅक्टच बघतो.

भाऊ, ट्यूनरच्या डब्यावरच्या वॉटला भुलू नका. आत काय जळतं ते बघा. जळतात दोन गोष्टी: जास्त व्होल्टेजने कपॅसिटर, जास्त करंटने रिले आणि कॉइल. दोन्ही ठरतात समोरच्या लोडवर. ४०० वॉटचाच हिशोब:

५० ओमला १४१ व्होल्ट आरएमएस आणि २.८ अँपिअर. काहीच नाही.
५ ओमला करंट जवळजवळ ९ अँपिअर.
५०० ओमला ४४७ व्होल्ट आरएमएस, पीक ६३२.
४००० ओमला १२६५ आरएमएस, पीक जवळपास १८००.

५ ओम आणि ५०० ओम, दोन्हीकडे एसडब्ल्यूआर १० च. पण एक रिले तापवतो आणि दुसरा कपॅसिटर फोडतो. हे शुद्ध रेझिस्टिव्ह लोडचं झालं, रिअ‍ॅक्टन्स आला की आकडे याहून वाईट. म्हणून "हजार वॉट" हे कुठल्या लोडला, कुठल्या बँडला, कुठल्या मोडला, ते विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. १८०० पीकला हजार व्होल्टचा कपॅसिटर तुमच्या ४०० वॉटमध्येही उडतो. आणि ५० ओमच्या जवळचा लोड असेल तर ५०० वॉटचा ट्यूनर ४०० वर म्हातारा होईपर्यंत चालतो.

रिलेवर १६ अँपिअर छापलेलं असतं ते ५० हर्ट्झचं. आरएफला करंट धातूच्या कातडीतूनच वाहतो, त्यामुळे १६ मधले किती उरतील ते बँडवर अवलंबून. आणि मुख्य गोष्ट: बंद कॉन्टॅक्टमधून करंट वाहणं वेगळं आणि चालू करंट तोडणं वेगळं. ४०० वॉट चालू असताना ट्यूनरने रिले हलवला की आत ठिणगी. असा एक ट्यूनर मित्राने आणून दिला होता. रिलेचं कव्हर काढलं, कॉन्टॅक्टवर काळे डाग आणि एका बाजूला चांदी वितळून मोहरीएवढा मणी झालेला. बाहेरून टक टक आवाज व्यवस्थित येत होता, पण तो एक इंडक्टर कायम सर्किटमध्ये अडकलेला. २० मीटरवर लगेच मॅच, ४० वर कितीही फिरला तरी २.५ च्या खाली नाही. असं लक्षण दिसलं तर अँटेनाला शिव्या घालण्याआधी रिले बघा.

मळ्यातला हॅम

ओझरकर, रिलेराजा, आकडे डोक्यात बसले. पण मग प्रश्न उलटाच झाला. ट्यूनर शोधत होतो, आता अँटेना शोधायची?

ओझरकर

हो, आणि ती जास्त स्वस्त आहे.

देवळालीचे काका

मी हेच म्हणणार होतो, पण तुम्ही लोक आकड्यांत शिरलात.

मळेवाल्या, तुला जागा भरपूर आहे. कोॲक्स सोड. ४० मीटर लांब तार, मधोमध कापायची, खाली ओपन वायर (दोन समांतर उघड्या तारांची लाइन). हाच डबलेट. एकाच तारेवर ८० ते १० सगळं. ओपन वायरवर एसडब्ल्यूआर २० असला तरी लॉस नगण्य. शॅकमध्ये बॅलन (समांतर लाइन कोॲक्सला जोडणारा ट्रान्सफॉर्मर) आणि एक दणकट ट्यूनर. माझा डबलेट देवळालीत बाभळीला बांधलेला आहे, अजून बोलतोय.

ओझरकर

काका, तत्त्व शंभर टक्के मान्य. पण ऑटो ट्यूनर लावायचा तर लाइनची लांबी बघावी लागेल, तिथेच लोक फसतात. ४५० ओमची विंडो लाइन (ओपन वायरचाच तयार प्रकार), व्हेलॉसिटी फॅक्टर (लाइनमधला लाटेचा वेग प्रकाशाच्या किती पट) ०.९१ धरून:

४० मीटर बँडवर ही तार पूर्ण वेव्हलेंथची, मध्यावर समजा ४००० ओम. लाइन १९ मीटर ठेवली तर ती अर्धी वेव्हलेंथ होते आणि तेच ४००० ओम जसेच्या तसे शॅकमध्ये येतात. म्हणजे रिलेराजांचे १८०० व्होल्ट थेट टेबलावर. २८-२९ मीटर ठेवली तर पाऊण वेव्हलेंथ, ४००० चे साधारण ५० होतात. वा! पण हीच २८.८ मीटरची लाइन ३.६ मेगाहर्ट्झला १३० ओम आणि त्याच्यासोबत ४०० ओम कपॅसिटिव्ह रिअ‍ॅक्टन्स दाखवते. ५० ओमच्या हिशोबात एसडब्ल्यूआर २५ च्या वर. १०:१ वाला ट्यूनर तिथे हात वर करणार. ४:१ बॅलन लावला तर ८० वर ९ च्या आसपास येतं, पण मग ४० वरचे गोड ५० ओम १२ होतात.

काकांचा रोलर इंडक्टर हे सगळं पचवतो. रिलेवाल्याला रेंजची मर्यादा असते.

आणि रेंजसुद्धा नीट वाचा. एमएफजे-९९८ वर १२ ते १६०० ओम लिहिलंय. वरच्या बाजूला १६०० म्हणजे ३२:१, भारी वाटतं. खालच्या बाजूला १२ म्हणजे जेमतेम ४:१. आखूड तार खालच्या बँडवर चालवणाऱ्याला नेमकी खालचीच बाजू लागते.

रिलेराजा

एमएफजेबद्दल आणखी एक. कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जुना माल फिरतोय, पण पुढे स्पेअरचं काय, हा प्रश्न भाच्याच्या बॅगेतून येणाऱ्या डब्याला लागू होतो. बिघडला तर पुन्हा अमेरिकेला कोण पाठवणार?

वाचकमित्र

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा रंगलाय. एक बाळबोध प्रश्न: मोबाइलच्या जमान्यात हे सगळं कशासाठी?

गच्चीवरून

२०२७ ला सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवशी पंचवटीत उभं राहून घरी फोन लावून बघा. नाही लागला तर आमच्यापैकी कुणीतरी हँडसेट घेऊन जवळपास असेल.

बाकी खरं उत्तर: मजा येते.

मळ्यातला हॅम

विंडो लाइनचा विचार केला. पण माझ्याकडे लाइन घरापर्यंत येते ती द्राक्षाच्या मांडवावरून. खाली सगळे लोखंडी अँगल आणि जीआय तारा. ओपन वायर धातूपासून दूर ठेवायला लागते ना?

देवळालीचे काका

लागतेच. लाइनच्या रुंदीच्या चारपाच पट तरी अंतर ठेव. मांडवाला टेकली की संपलं. खांब उभे करून वरून आणता येईल.

ओझरकर

मांडव आहे हे पहिल्या पोस्टमध्येच सांगायला हवं होतं हो! ती तर सगळ्यात मोठी भानगड. एकरभर जीआय तारेची जाळी जमिनीपासून दोन मीटरवर, आणि तुमच्या इन्व्हर्टेड व्हीची टोकं किती उंचीवर?

मळ्यातला हॅम

साधारण ३ मीटर. एक टोक मांडवाच्या अगदी वर येतं.

ओझरकर

म्हणजे अँटेनाचं सर्वांत जास्त व्होल्टेजचं टोक मांडवापासून एका मीटरवर. तार तिथे मांडवाशी कपल होते, रेझोनन्स (तार आपोआप जुळते ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो आणि थोडी पॉवर तुमचे घड तापवते. त्यातून तारांचे पीळ दिलेले जोड गंजलेले असतील तर ते डायोडसारखे वागतात. ४०० वॉटला तिथून हार्मोनिक निघतील आणि रिसीव्हला खरखर वाढेल. १०० वॉटला जे खपलं ते ४०० ला खपेलच असं नाही.

टोकं उचला. जमेल तर ६ मीटर. ऑक्टोबर छाटणीची माणसं येण्याआधी उचला, कारण ४०० वॉट चालू असताना टोकाला हात लागला तर चांगलाच भाजतो. उंचीचं कारण एसडब्ल्यूआरपेक्षा हे मोठं आहे.

मळ्यातला हॅम

छाटणीचं डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे त्या दिवसांत दहाबारा माणसं असतात बागेत. उद्याच बांबू आणतो.

गच्चीवरून

मी गच्चीवर एका फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते ती जागा) दोन डायपोल लावलेत, फॅन डायपोल. २० आणि १५. एकच कोॲक्स, ट्यूनर नाहीच. जो बँड असेल त्याची तार आपोआप करंट घेते, दुसरी गप्प बसते. तारांची टोकं एकमेकींपासून मीटरभर तरी दूर ठेवायची. लांबी कापायला वेळ लागला, कारण एक तार कापली की दुसरीचा रेझोनन्स हलतो. मोठ्या तारेपासून सुरुवात करा.

मळ्यात ८० आणि ४० चा फॅन का नाही करत? १५ मीटर ४० च्याच तारेवर तिसऱ्या हार्मोनिकला चालतोच आहे, २.६ काही वाईट नाही. २० साठी वेगळा डायपोल.

ओझरकर

शाब्बास. इतका वेळ ट्यूनरभोवती फिरतोय आणि उत्तर इंदिरानगरच्या गच्चीवर.

असं केलं तर ट्यूनरचं काम किती उरतं बघा. ४० मीटर आपल्याकडे ७.० ते ७.२, मध्याच्या तीन टक्क्यांहून कमी रुंदी, तिथे ट्यूनर लागणारच नाही. ८० मीटरला ३.५ ते ३.७ म्हणजे साडेपाच टक्के. मध्यावर कापलेला डायपोल कडेला ३ वगैरे दाखवेल, ॲम्प रुसेल. तिथे ट्यूनर हवा. ३.६ मेगाहर्ट्झला तुमच्या केबलचा लॉस ०.४ डीबीसुद्धा नाही, त्यामुळे ३ च्या एसडब्ल्यूआरला शॅकमधून मॅच केलं तरी काही बिघडत नाही. १५ मीटरला २.६, तेही शॅकमधून चालून जाईल.

म्हणजे तुमचा ट्यूनर आयुष्यभर ३:१ च्या आतलं काम करणार. १५०० वॉटची गरज कुठे राहिली?

देवळालीचे काका

मग एवढ्याशा कामाला ट्यूनरच कशाला? लांबी नीट काप, कडेला जाऊ नकोस.

मळ्यातला हॅम

काका, आमचे ८० चे मित्र नेमके ३.६५ च्या वर बसतात आणि सीडब्ल्यू (मोर्स) करायचं तर ३.५१ ला. दोन्ही टोकं हवीत.

मग ५००-६०० वॉटच्या वर्गातला घेऊ? एलडीजीचा एटी-६०० प्रो-टू पण आहे. एफटी८ (संगणकावरचा डिजिटल मोड) सुद्धा करतो मी, तेही सांगून ठेवतो.

रिलेराजा

एफटी८ सांगितलंत ते बरं झालं. एसएसबीत बोलताना सरासरी पॉवर पीकच्या चौथाई-तिसऱ्या हिश्शाएवढी. एफटी८ मध्ये १५ सेकंदांच्या स्लॉटमधले १२.६४ सेकंद पूर्ण पॉवर सलग, एक सेकंदही सैल नाही. टोरॉइड (कॉइलचं गोल कडं) गरम होतो तो इथेच. म्हणून एटी-६०० च्या कागदावर एसएसबीला ६०० आणि डिजिटलला ३०० असे दोन आकडे असतात. ही कंपनीची चलाखी नाही, प्रामाणिकपणा आहे. ज्या ट्यूनरवर एकच आकडा छापलाय त्याच्याबद्दल जास्त शंका घ्या.

(एफटी८ ला ४०० वॉट कशाला लागतात हा वेगळा धागा होईल. तिथे १०० सुद्धा खूप झाले.)

वॉट ठरले. आता मला विचाराल तर निवडीची खरी कसोटी दुसरीच. ट्यूनिंग चालू असताना तो ॲम्पला बाजूला ठेवतो का? रेडिओ ते ॲम्प जी पीटीटीची (बोलायचं बटण दाबल्याची खूण देणारी) ‘की लाइन’ जाते ती ट्यूनरमधून फिरवायची, म्हणजे ट्यूनर शोधाशोध करत असताना ॲम्प स्टँडबायमध्ये राहतो आणि रेडिओचे दहावीस वॉटच आत येतात. मॅच सापडला की लाइन जोडली जाते. केएटी५०० मध्ये ही सोय आहे. ही नसेल तर सगळं तुमच्या शिस्तीवर: ॲम्प स्टँडबायला, पॉवर कमी, ट्यून, मग ॲम्प चालू. शिस्त सकाळच्या नेटला चहा हातात असताना किती टिकते ते तुम्हीच सांगा. मित्राचा तो चांदीचा मणी असाच झाला होता.

ओझरकर

याला जोडून मेमरीचा मुद्दा. चांगले ट्यूनर पहिल्या टुकटुकीला फ्रिक्वेन्सी मोजतात आणि त्या जागेची साठवलेली सेटिंग लावतात. एकदा ८० मीटर बँडभर थोड्या थोड्या अंतरावर ट्यून करून ठेवलं की नंतर शोधाशोध जवळजवळ होतच नाही, म्हणजे रिलेही कमी झिजतात. रिलेवाला इथे मोटरवाल्याच्या पुढे. मोटर कितीही चांगली असली तरी रोलर फिरायला वेळ घेतो. मोटरवाल्याचा फायदा असा की किमती सलग बदलतात, पायऱ्या नाहीत. पण सात इंडक्टर आणि सात कपॅसिटर असले तरी १२८ गुणिले १२८, त्यात कपॅसिटर अलीकडे की पलीकडे हे धरून ३२,७६८ जोड्या होतात. ३:१ च्या आत पायऱ्या तुम्हाला जाणवणारसुद्धा नाहीत.

सातपूरचा सोल्डर

उशिरा आलो. त्या सात-सातवरून आठवलं, ओपन सोर्स एटीयू-१०० ट्यूनर स्वतः जोडायचा विचार कुणी केला का? सर्किट, फर्मवेअर सगळं उपलब्ध आहे. १०० वॉटचा आहे, पण मोठे टोरॉइड आणि मोठे रिले लावून पॉवर वाढवता येईल.

रिलेराजा

१०० वॉटला जरूर जोडा, शिकायला उत्तम. ४०० ला नेताना फक्त रिले आणि टोरॉइड बदलून भागत नाही. कपॅसिटर जास्त व्होल्टेजचे, ट्रॅकमधलं अंतर, एसडब्ल्यूआर ब्रिजचा ट्रान्सफॉर्मर, सगळंच बदलतं. मग मूळ डिझाइनचा प्रोसेसर तेवढा उरतो.

मळ्यातला हॅम

एक शेवटची शंका. ट्यूनर पाइपाच्या बुडाशी, अँटेनाजवळ डब्यात ठेवला तर केबलचा लॉसही वाचेल ना? रिमोट ट्यूनर म्हणतात तो.

ओझरकर

फीडपॉइंट १२ मीटर वर, डबा बुडाशी, म्हणजे वरची १२ मीटर केबल उंच एसडब्ल्यूआरवरच राहिली. थोडा फायदा, पूर्ण नाही. तुमच्या ३:१ साठी तर काहीच नाही.

देवळालीचे काका

आणि मळ्यात डबा बाहेर ठेवायचा तर दोन शत्रू. एक वळवाची वीज. शॅकमध्ये मी ढग दिसले की कोॲक्स काढून खिडकीबाहेर टाकतो. खांबावरच्या ट्यूनरला काय करणार? आपल्याकडे थोडं खणलं की काळा पाषाण, बेसॉल्ट. अर्थिंगचा रॉड ठोकून आत जातच नाही. एक रॉड पुरत नाही, चारपाच आखूड रॉड पसरून गाडायचे, एकमेकांना जोडायचे आणि उन्हाळ्यात पाणी घालायचं. दुसरा शत्रू पाल. ग्लँड नीट आवळलं नाही की ती रिलेच्या उबेला येऊन बसते. आरएफ व्होल्टेजवर पाल म्हणजे काय होतं ते सांगत नाही, कुणीतरी जेवत असेल.

गच्चीवरून

काका, मी जेवत होते.

मळ्यातला हॅम

ठरलं मंडळी. बांबू लावून टोकं साडेपाच मीटरवर नेली. ७.१ ला कापलेली तार आता ७.२ च्या वर रेझोनेट होतेय, म्हणजे मांडवाचं कपलिंग किती होतं ते दिसलंच. थोडी तार जोडून पुन्हा मध्यावर आणली. ८० ची तार याच फीडपॉइंटला पुढच्या रविवारी. मांडव टाळून टोकं बांधाकडे नेणार. २० चा डायपोल वेगळ्या खांबावर, वेगळी केबल.

फीडपॉइंटला १:१ चोक बॅलन करतोय, ३१ मिक्सच्या मोठ्या टोरॉइडवर कोॲक्सचे वेढे. ॲम्प लावल्यापासून कीबोर्ड मधेच अक्षरं टाइप करायचा, बहुतेक केबलच्या जाळीवरून आरएफ घरात येतोय.

ट्यूनर केएटी५००. मुख्य कारण ‘की लाइन’ची सोय, आणि तीन अँटेना सॉकेट असल्याने फॅन आणि २० चा डायपोल दोन्ही मागेच लागतील. ४०० वॉट ही माझी कमाल आणि लोड ३:१ च्या आत, तेव्हा ५०० पुरे. एफटी८ १०० वरच करीन, ॲम्पशिवाय. पालस्टार आणि यातला फरक भाच्याला सांगितला तर तो वजन ऐकूनच खूश झाला. उरलेल्या पैशांतून केबल आणि दोन खांब.

देवळालीचे काका

डबलेट नाही ते नाहीच. बरं. निदान विंडो लाइनचा तुकडा घेऊन ठेव, कधीतरी वाटेल.

रिलेराजा

छान. केएटी यायच्या आधी एक मोजून ठेवा. ॲम्पच्या की लाइनवर उघडी असताना किती व्होल्ट आहेत आणि जमिनीला जोडली की किती करंट वाहतो. जुन्या ट्यूबच्या ॲम्पमध्ये तिथे शंभराच्या वर व्होल्ट असायचे, थेट रिलेची कॉइल. तुमचा सॉलिड स्टेट आहे, तरी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने आत काय केलंय कुणास ठाऊक. मीटर लावल्याशिवाय ट्यूनरला जोडू नका.

मळ्यातला हॅम

आत्ताच मोजलं. उघडी असताना १२ व्होल्ट, जोडल्यावर ८ मिलिअँपिअर.

रिलेराजा

मग बिनधास्त जोडा. केबल शिल्डेड घ्या आणि ॲम्पच्या बाजूला एक फेराइट चढवा, नाहीतर कीबोर्डसारखा तोही स्वतःच्या मनाने टाइप करायला लागेल. ७३ (म्हणजे आमच्या भाषेत शुभेच्छा).